अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी: इथले सरकार पायरीपायरीने समजून घ्या

व्हिसाची एखादी बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच प्रश्न येतो, "सरकारने आता काय ठरवलं?" अमेरिकेत या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण एका जागी बसून सगळे ठरवणारे सरकार इथे नाहीच. कायदा करणारे वेगळे, तो राबवणारे वेगळे, त्याचा अर्थ लावणारे वेगळे. शिवाय वॉशिंग्टनचा कारभार निराळा, राज्याचा निराळा, गावाचा निराळा. आपण भारतातून येताना लोकसभा, पंतप्रधान, मुख्यमंत्री, कलेक्टर ही मांडणी डोक्यात घेऊन येतो आणि तीच इथे लावू पाहतो. मग बातम्या कळत नाहीत, भीती उगाच वाटते आणि जिथे खरोखर जपायला हवे तिथे दुर्लक्ष होते.

नव्याने एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलेले, ग्रीन कार्डाच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत असलेले, मुलांकडे कायमचे राहायला आलेले आईवडील आणि सिटिझनशिपच्या मुलाखतीची तयारी करणारे अशा सगळ्यांसाठी हे लिहीत आहे. प्रश्नोत्तरे पाठ करून मुलाखत पार पडेल, पण ज्या देशात राहायचे त्याची घडण समजायलाच हवी, असे मला कळकळीने वाटते. या घडणीच्या मुळाशी एकच विचार आहे: माणूस कितीही भला असला तरी सगळी सत्ता त्याच्या एकट्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. तो पक्का धरून पुढे चला.

पायरी १: आपल्या पत्त्यावर कुणाकुणाचा कारभार चालतो ते शोधा

समजा तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. तिथे एडिसन टाउनशिपचे महापौर आणि कौन्सिल आहे, शाळांसाठी लोकांनी निवडलेले वेगळे बोर्ड आहे, मिडलसेक्स काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आहे, ट्रेंटनला राज्य सरकार आहे आणि वॉशिंग्टनला संघराज्याचे सरकार आहे. घर स्वतःचे असेल तर प्रॉपर्टी टॅक्सचे बिल काढून पाहा. टाउनशिप, काउंटी आणि शाळा यांचा वाटा त्यात वेगवेगळा लिहिलेला असतो, आणि बहुधा शाळेचाच सगळ्यात मोठा असतो. स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला म्हणून आपली माणसे लाखभर डॉलर जास्त मोजून घर घेतात, पण त्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची बैठक कधी भरते हे विचारत नाहीत. बैठक खुली असते. बहुतेक ठिकाणी नागरिक नसलात तरी उठून दोन-तीन मिनिटे बोलता येते. नागरिकशास्त्राचा पहिला तास तिथेच घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

कुठले काम कुणाचे, याचा ढोबळ हिशेब असा. लष्कर, चलन, टपाल, परदेशांशी करार, व्हिसा आणि नागरिकत्व ही कामे वॉशिंग्टनची. ड्रायव्हिंग लायसन्स, डॉक्टर-वकिलांचे परवाने, शाळांचे नियम, चोरी-खुनासारख्या बहुतेक गुन्ह्यांचे कायदे ही राज्याची. पोलीस बहुतेक करून गावाचे किंवा काउंटीचे असतात. वॉशिंग्टनहून त्यांची बदली करणारे कुणी नसते. घटनेची दहावी दुरुस्ती सांगते की जे अधिकार घटनेने संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. भारतात नेमके उलटे आहे, उरलेले अधिकार तिथे केंद्राकडे जातात.

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल समजू नका. आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात. इथे गव्हर्नरला राज्यातले लोक थेट मत देऊन निवडतात, आणि कारभार तोच हाकतो. प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना आहे, त्यामुळे एका राज्यातली रीत दुसऱ्यात चालेलच असे नाही. टेक्सासमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या नावावर निवडणूक लढवतात, तर न्यू जर्सीत गव्हर्नर त्यांना नेमतो आणि राज्याची सिनेट मान्यता देते. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. नेब्रास्कात कायदेमंडळाला एकच सभागृह आहे. डॅलसहून न्यू जर्सीला नोकरी बदलून आलात तर बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील.

एका कागदावर एवढे लिहून ठेवा: तुमच्या राज्याचे दोन सिनेटर (सिनेट म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह), तुमच्या मतदारसंघाचा हाउसमधला (कनिष्ठ सभागृहातला) प्रतिनिधी, गव्हर्नर आणि राज्याची राजधानी. हाउसच्या अधिकृत संकेतस्थळावर झिप कोड टाकला की प्रतिनिधीचे नाव मिळते.

पायरी २: १७८७ च्या उन्हाळ्यात काय ठरले ते वाचा

४ जुलै १७७६ ला तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचा मसुदा मुख्यतः थॉमस जेफरसनचा. सर्व माणसे समान जन्मतात आणि जगण्याचा, स्वातंत्र्याचा व सुख शोधण्याचा हक्क त्यांच्यापासून हिरावून घेता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. हे लिहिणाऱ्या जेफरसनच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम होते. अमेरिकेचा पुढचा इतिहास बराचसा या दोन गोष्टींमधल्या झगड्याचा आहे, त्यामुळे त्यातली एक लपवून दुसरी शिकवू नये.

स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच राज्यांनी जी पहिली जुळणी केली तिच्यात मध्यवर्ती सरकार फारच दुबळे होते. त्याला कर बसवता येत नव्हता. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या पुढारीपणाखाली बंड केले आणि हे असे चालणार नाही, अशी सगळ्यांची खात्री पटली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला परिषद भरली, जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष होते आणि उन्हाळाभर वाद चालला. एकीकडे राजा नको होता, दुसरीकडे विस्कळीतपणाही परवडत नव्हता.

सगळ्यात मोठे भांडण मोठ्या आणि लहान राज्यांचे झाले. व्हर्जिनियासारखी मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान राज्ये म्हणत, सगळ्यांना सारख्या द्या. शेवटी दोन्ही मान्य झाले: हाउसमध्ये लोकसंख्येप्रमाणे जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन. आज कॅलिफोर्नियात सुमारे चार कोटी लोक आहेत आणि वायोमिंगमध्ये सहा लाखसुद्धा नाहीत, तरी सिनेटर दोघांचे दोन-दोनच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १ खासदार असतो. इथल्या हिशेबाने दोघांनाही सारखेच मिळाले असते. याच परिषदेत आणखी एक तडजोड झाली आणि ती लाजिरवाणी होती. हाउसच्या जागा मोजताना गुलाम माणसांना तीन-पंचमांश धरायचे ठरले. मत त्यांना नव्हतेच, त्यांच्या संख्येचा फायदा मात्र मालकांच्या राज्यांना मिळाला.

घटना १७८८ मध्ये मंजूर झाली आणि १७८९ पासून अमलात आली. तिला सातच कलमे आहेत. पहिले काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, दुसरे राष्ट्राध्यक्षाचे, तिसरे न्यायालयांचे. मराठी वर्तमानपत्राच्या दोन-तीन पानांत मावेल एवढा हा मजकूर एका बसणीत वाचून होतो. जरूर वाचा.

पायरी ३: कायदा कसा होतो आणि बहुधा का होत नाही

इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. हाउसमध्ये ४३५ प्रतिनिधी, मुदत दोन वर्षे. सिनेटमध्ये १००, मुदत सहा वर्षे, आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागांची निवडणूक. सिनेटर पूर्वी राज्यांची कायदेमंडळे निवडत. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीपासून लोक थेट निवडतात. हाउसमधल्या जागा दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर राज्यांत नव्याने वाटल्या जातात.

विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावे लागते आणि मग राष्ट्राध्यक्षाची सही. त्याने नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते जमवून तो ओलांडता येतो. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात काय होते, हे समजायला आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय घेऊ.

रोजगारावर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सात टक्क्यांहून जास्त जायची नाहीत, असा कायदा आहे. भारतीयांची रांग इतकी लांबली ती यामुळे. जुलै २०१९ मध्ये हाउसने रोजगाराच्या ग्रीन कार्डांवरची ही देशवार मर्यादा काढणारे विधेयक ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड बहुमताने मंजूर केले. आपल्या लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही मंजुरी दिली, पण मजकुरात बदल करून. दोन्ही सभागृहांत शब्द न् शब्द सारखा असलेला एकच मसुदा मंजूर झाल्याशिवाय तो राष्ट्राध्यक्षाकडे जात नाही. भारतात लोकसभा-राज्यसभेचे जुळले नाही तर संयुक्त अधिवेशन बोलावता येते, तशी सोय इथे नाही. दोन्ही मसुदे जुळवण्याआधीच ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक बाद झाले. पुढच्या काँग्रेसमध्ये सगळे पहिल्यापासून.

यात कुणा एकाचा दुष्टपणा शोधू नका. ही रचनाच अशी आहे की नवीन काही करायला पुष्कळांचा होकार लागतो आणि ते अडवायला थोडे पुरतात. सिनेटच्या स्वतःच्या नियमांमुळे बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मते लागतात, आणि हा नियम घटनेत कुठेही नाही. मला ही संथ गती पुष्कळदा जाचते. पण तीच गती घाईघाईने केलेल्या वाईट कायद्यांनाही रोखते, हेही मान्य करावे लागते.

पायरी ४: राष्ट्राध्यक्ष म्हणजे पंतप्रधान नव्हे

आपला पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर टिकतो आणि बहुमत गेले की जातो. इथला राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळ्या निवडणुकीतून येतो. काँग्रेसमध्ये विरोधकांचे बहुमत असले तरी तो हलत नाही, कारण अविश्वास ठराव हा प्रकारच नाही. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात, असूही शकत नाहीत. सिनेटरला मंत्री व्हायचे तर आधी राजीनामा द्यावा लागतो. काढून टाकायचा मार्ग महाभियोग. हाउसने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये, बिल क्लिंटन १९९८ मध्ये आणि डॉनल्ड ट्रंप २०१९ व २०२१ मध्ये, असे तिघांवर मिळून चार वेळा आरोप ठेवले गेले. सिनेटने एकदाही दोषी ठरवले नाही. जॉन्सन फक्त एका मताने वाचले.

निवडणुकीतही देशभरातल्या मतांची बेरीज चालत नाही. प्रत्येक राज्याला त्याच्या हाउसच्या जागा अधिक दोन सिनेटर एवढी निर्वाचक मते मिळतात. राजधानीच्या शहराची तीन धरून एकूण ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळी राज्ये आपली सर्व मते राज्यात पुढे असलेल्या उमेदवाराला देतात. त्यामुळे २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. १९५१ च्या बाविसाव्या दुरुस्तीप्रमाणे एक माणूस दोनदाच निवडून येऊ शकतो.

ज्यांचे आयुष्य व्हिसावर टांगलेले आहे त्यांनी आता नीट लक्ष द्यावे. बातमी आली की पहिला प्रश्न असा विचारा: हा बदल कुठल्या पातळीवरचा आहे? एच-१बीची वर्षाला ६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० ही मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे. ती राष्ट्राध्यक्षाला एकट्याने वाढवता येत नाही. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या, काही पती-पत्नींना काम करायची परवानगी २०१५ मध्ये मिळाली, ती खात्याने केलेल्या नियमामुळे. नियम बदलायचा तर मसुदा प्रसिद्ध करणे, लोकांची मते मागवणे ही पद्धत पाळावी लागते. तुम्हीही तिथे मत नोंदवू शकता. तिसरी पातळी राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाची किंवा घोषणापत्राची. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर लावले गेले ते अशा घोषणापत्राने. असा बदल एका रात्रीत येतो, पण त्याला कोर्टात आव्हान देता येते आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने तो मागेही घेऊ शकतो. बातमीची पातळी ओळखता आली की निम्मी धास्ती कमी होते आणि वकिलाला नेमका प्रश्न विचारता येतो.

शटडाउनचेही तसेच. खर्चाला मंजुरी फक्त काँग्रेस देऊ शकते. ती वेळेत मिळाली नाही की सरकार पडत नाही, कचेऱ्या बंद होतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे ४३ दिवस चालले. नागरिकत्वाचे अर्ज पाहणारे खाते मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालते, म्हणून तिथले काम बरेचसे चालू राहते. श्रम खात्याकडची कागदपत्रे मात्र अडकतात, आणि एच-१बीला तीच आधी लागतात.

पायरी ५: न्यायालये

सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतात, ही संख्या १८६९ पासून बदललेली नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मान्यता देते आणि त्यानंतर मुदत तहहयात. आपल्याकडे ६५ व्या वर्षी निवृत्ती असते. इथे स्वतः पद सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत. म्हणून एका नेमणुकीवरून एवढे रण माजते. काँग्रेसचा कायदा घटनेविरुद्ध असेल तर तो रद्द करण्याचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो न्यायालयाचा म्हणून मांडला आणि तेव्हापासून तो चालत आला.

पायरी ६: दुरुस्त्या तारखांसकट समजून घ्या

घटना बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि मग तीन चतुर्थांश राज्यांची, म्हणजे आज ३८ राज्यांची, संमती लागते. म्हणून सव्वादोनशेहून अधिक वर्षांत दुरुस्त्या फक्त २७. पहिल्या दहा १७९१ मध्ये एकदम आल्या. त्यांना हक्कांची सनद म्हणतात. पहिल्या दुरुस्तीतली पाच स्वातंत्र्ये तोंडपाठ हवीत: धर्म, भाषण, वृत्तपत्र, शांततेने जमणे आणि सरकारकडे दाद मागणे. पाचवीमुळे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होत नाही, सहावीमुळे फौजदारी खटल्यात वकील मिळतो.

गुलामगिरीवरून झालेल्या यादवी युद्धानंतरच्या तीन दुरुस्त्यांपाशी मी नेहमी थांबतो. तेराव्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली. चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये इथे जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि प्रत्येक व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वर्णावरून मत नाकारायला बंदी केली. गुलामगिरी संपल्याची बातमी तेव्हा पुण्यातही पोचली होती. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीत आपल्या शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची वाट पाहणारा माणूस दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात होता, हे आपल्या इथल्या मुलांना सांगितलेच पाहिजे. पुढे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेव्हा पंधरावी दुरुस्ती होऊन चार दशके उलटली होती, तरी दक्षिणेकडे काळ्या लोकांना मत देऊ दिले जात नव्हते. कागदावरचा हक्क हाती यायला १९६५ चा मतदान हक्क कायदा व्हावा लागला. स्त्रियांना मत १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने, अठरा वर्षांच्या मुलांना १९७१ मध्ये सव्विसाव्या दुरुस्तीने मिळाले.

चौदाव्या दुरुस्तीत काही ठिकाणी 'नागरिक' असा शब्द आहे आणि काही ठिकाणी 'व्यक्ती'. हा फरक आपल्यासाठी मोलाचा आहे. १८८६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत धोबीकाम करणाऱ्या यिक वो या नावाने नोंद झालेल्या चिनी माणसाने, तो नागरिक नसतानाही, सर्वोच्च न्यायालयात समान संरक्षणाचा खटला जिंकला. १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यात, चिनी आईबापांच्या पोटी इथे जन्मलेला मुलगा नागरिकच, असा निकाल लागला. जन्माने मिळणाऱ्या या नागरिकत्वावरून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या आदेशानंतर कोर्टात पुन्हा वाद सुरू झाला. आपल्यातल्या कितीतरी घरांचा त्याच्याशी संबंध आहे, तेव्हा तो लक्ष ठेवून वाचत राहा.

आणि १९२३ विसरू नका. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते, तरी ते 'गोरे' नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारले. त्यानंतर ज्या भारतीयांना ते आधी मिळाले होते त्यांच्यातल्या अनेकांचे काढून घेण्यात आले. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना पुन्हा दार उघडले, वर्षाला फक्त १०० जणांसाठी. आपण आज इथे आहोत ते मुख्यतः १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. तो त्याच काळात झाला ज्या काळात काळ्या लोकांनी रस्त्यावर उतरून समान हक्क मिळवले. त्यांचे ऋण आपल्यावर आहे, असे मी मानतो.

पायरी ७: नागरिक होईपर्यंत काय करावे, काय टाळावे

डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्ससाठी गेल्यावर मतदार नोंदणीचाही प्रश्न विचारला जातो. नागरिक नसाल तर तिथे 'नाही'च म्हणा आणि सही करण्याआधी फॉर्म पूर्ण वाचा. चुकून नोंदणी झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे मत दिले, तर पुढे नागरिकत्व अडकू शकते, देश सोडायची वेळही येऊ शकते. नोकरीच्या कागदांवर नागरिक असल्याचे खोटे लिहिणेही तितकेच घातक. ज्युरीसाठी बोलावण्याचे पत्र नागरिक नसलेल्यांनाही येते. ते फेकून देऊ नका. नागरिक नसल्याच्या चौकटीत खूण करून परत पाठवा.

पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचे. ग्रीन कार्ड असेल तर ते जवळ बाळगायचे. अठरा ते पंचवीस वयाच्या ग्रीन कार्डधारक मुलाची सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या लष्करी भरतीसाठीच्या यादीत) नोंद असावी लागते. एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर कायदेशीरपणे असलेल्याला ती लागत नाही. निवडणुकीत उमेदवाराला देणगी ग्रीन कार्डधारक देऊ शकतो, व्हिसावरचा माणूस देऊ शकत नाही.

प्रतिनिधीच्या कचेरीला मात्र व्हिसावर असतानाही फोन करता येतो. अर्ज कुठल्या खात्यात वर्षानुवर्षे अडकला असेल तर तिथली माणसे चौकशी करतात. मतदार नसलात तरी तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले रहिवासी आहात. मोर्चा, सभा, लिखाण यांचे स्वातंत्र्य आपल्यालाही आहे, पण व्हिसा देण्या-काढण्याचे अधिकार सरकारकडे मोठे आहेत. म्हणून व्हिसावर असताना अशा बाबतीत आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

पायरी ८: परीक्षा आणि शपथ

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाली, किंवा अमेरिकी नागरिकाशी लग्न होऊन त्याच्यासोबत राहत असाल तर तीन वर्षे, की अर्ज करता येतो. तोही मुदत भरण्याच्या ९० दिवस आधीपासून. पाच वर्षांच्या नियमात निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. आपले आईवडील इथेच चुकतात. सलग सहा महिन्यांहून जास्त भारतात राहिले तर सलग वास्तव्य तुटले असे धरले जाऊ शकते, आणि वर्षभर राहिले तर ते तुटतेच. गावाकडचा मुक्काम तारखा पाहून ठरवा.

२० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत प्रश्न तोंडी विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. त्याआधी अर्ज केला असेल तर जुनी: १०० पैकी १०, त्यांतले ६ बरोबर. इंग्रजीत एक वाक्य वाचणे आणि एक लिहिणेही असते. पहिल्या खेपेला जमले नाही तर ६० ते ९० दिवसांत दुसरी संधी मिळते.

वय ५० आणि ग्रीन कार्ड २० वर्षांचे, किंवा वय ५५ आणि ग्रीन कार्ड १५ वर्षांचे असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची दुभाष्या घेऊन मराठीत देता येते. वय ६५ आणि ग्रीन कार्ड २० वर्षांचे असेल तर फक्त २० प्रश्नांची छोटी यादी. त्यातून १० विचारतात, ६ बरोबर लागतात. दुभाष्या आपणच न्यायचा असतो.

प्रश्नांचा अभ्यास यादीच्या क्रमाने करू नका, वरच्या पायऱ्यांप्रमाणे गट पाडा. सिनेटर किती, मुदत किती, काही राज्यांचे प्रतिनिधी जास्त का, हे तीन प्रश्न वेगळे पाठ केले तर विसरतात. मोठ्या-लहान राज्यांचे भांडण आठवले तर एकदम येतात. फेडरलिस्ट लेख कुणी लिहिले, हा प्रश्न दरवेळी अवघड वाटतो: मॅडिसन, हॅमिल्टन आणि जे, नवी घटना लोकांना पटवून देण्यासाठी. हाउसचा स्पीकर, तुमचा गव्हर्नर, तुमचे सिनेटर ही उत्तरे निवडणुकीनंतर बदलतात, म्हणून मुलाखतीच्या आठवड्यात खात्याच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. आणखी एक फरक ध्यानात ठेवायचा असेल तर बेळगावकडचे श्री ठाणेदार आठवा. ते २०२२ मध्ये मिशिगनमधून हाउसवर निवडून आले, कारण त्यासाठी वय २५ आणि सात वर्षांचे नागरिकत्व पुरते. सिनेटला वय ३० आणि नऊ वर्षे लागतात. राष्ट्राध्यक्ष मात्र जन्मानेच नागरिक असलेला हवा.

शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्याप्रमाणे आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. क्रम असा ठेवा: आधी अमेरिकी पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रद्द करून त्याचे प्रमाणपत्र, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे कार्ड). अमेरिकी नागरिकत्वाचे मूळ प्रमाणपत्र टपालात पाठवण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा आणि सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत नोंद बदलून घ्या. ओसीआयवर भारतात राहता येते, घर घेता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेती राहते. गावच्या जमिनीचा काही व्यवहार चालू असेल तर शपथेच्या आधीच तिकडच्या वकिलाला विचारा.

मतदार नोंदणी पुष्कळदा शपथेच्या ठिकाणीच करून घेतात. तिथे राहिली तर काउंटीच्या कचेरीत किंवा राज्याच्या संकेतस्थळावर करा. नोंदणीची शेवटची तारीख प्रत्येक राज्यात वेगळी असते आणि काही ठिकाणी ती मतदानाच्या महिनाभर आधी संपते.